व्होल्टेज आणि करंटवरून रोध आणि पॉवर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी इलेक्ट्रिशियन ट्रेडची मुलं शिकवतो. त्यामुळे दहावीच्या पोरांपासून विहिरीवर मोटर बसवणाऱ्या शेतकऱ्यांपर्यंत सगळ्यांचे प्रश्न माझ्याकडे येतात. तेच तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवात सोप्यापासून आहे, पुढे पुढे गाठी येतात. चालू लाइनवर हात घालायचं काम मात्र वायरमनलाच करू द्या. हे पान हिशेबासाठी आहे.

१. माझ्याकडे व्होल्टेज आणि करंट दोन्ही आहेत. रोध आणि पॉवर कशी काढायची?

भागलं की रोध, गुणलं की पॉवर. व्होल्टेजला करंटने भागा, उत्तर ओहममध्ये येईल. व्होल्टेज गुणिले करंट केलं की वॅट मिळतात.

घरातली इस्त्री घ्या. २३० व्होल्ट, ४.३५ अँपिअर. भागाकार सुमारे ५२.९ ओहम आणि गुणाकार सुमारे १००० वॅट. इस्त्रीच्या पाटीवर बहुधा हाच आकडा असतो.

पण एक अट आहे आणि पुढचे निम्मे घोळ तिच्यामुळेच होतात. व्होल्टेज आणि करंट एकाच वस्तूचे आणि एकाच वेळचे हवेत. व्होल्टेज मोजायचा तो त्या वस्तूच्या दोन टोकांमधला, आणि करंट त्याच वस्तूतून जाणारा. व्होल्टेज बोर्डाचा आणि करंट भलत्याच वस्तूचा घेतला, तरी भागाकार होतोच. फक्त त्या उत्तराला काही अर्थ नसतो.

२. पुस्तकात चक्रासारखी बारा सूत्रं दिली आहेत. सगळी पाठ करायची का?

नाही. मूळ सूत्रं दोनच, वरची. बाकीची दहा म्हणजे तीच एकमेकांत घालून तयार केलेली. व्होल्टेजच्या जागी ‘करंट गुणिले रोध’ लिहिलं की पॉवर = करंटचा वर्ग × रोध. करंटच्या जागी ‘व्होल्टेज भागिले रोध’ लिहिलं की पॉवर = व्होल्टेजचा वर्ग ÷ रोध. इस्त्रीवर पडताळून पाहा : २३० चा वर्ग ५२,९००, त्याला ५२.९ ने भागा, बरोबर १०००.

पहिलं नातं जर्मनीतले शिक्षक गेऑर्ग ओहम यांनी १८२७ साली पुस्तकातून मांडलं. उष्णता करंटच्या वर्गाप्रमाणे वाढते, हे इंग्लंडच्या जेम्स जूल यांनी १८४१ मध्ये प्रसिद्ध केलं. म्हणजे दोन माणसं, दोन शोध. आपण ते एका चक्रात कोंबून पोरांना घाबरवतो.

३. माझं उत्तर हजारपट चुकतं. कुठे चुकत असेल?

मिलिअँपिअरमध्ये. ५ व्होल्ट आणि २० मिलिअँपिअर असताना ५ भागिले २० करून ०.२५ ओहम लिहिणारी मुलं दरवर्षी भेटतात. २० मिलिअँपिअर म्हणजे ०.०२ अँपिअर, म्हणून उत्तर २५० ओहम. सोपी युक्ती : व्होल्टला मिलिअँपिअरने भागलं की उत्तर किलोओहममध्ये आणि गुणलं की मिलिवॅटमध्ये येतं.

४. वस्तूवर फक्त वॅट लिहिलेत. करंट किती घेईल आणि कुठल्या सॉकेटला लावू?

वॅटला २३० ने भागा. हजार वॅटची इस्त्री ४.३ अँपिअर, १५०० वॅटची किटली ६.५, २००० वॅटचा गिझर ८.७, ३००० वॅटचा इन्स्टंट गिझर १३ अँपिअर.

आपल्याकडे छोटा सॉकेट ६ अँपिअरचा आणि मोठा १६ अँपिअरचा. जुने लोक अजून ‘पाचचा’ आणि ‘पंधराचा’ म्हणतात. ६ गुणिले २३० म्हणजे १३८० वॅट, ही छोट्या सॉकेटची हद्द. किटली तिच्या बाहेर जाते. मोठी पिन छोट्या सॉकेटात बसावी म्हणून बाजारात जोडणी मिळते. ती वापरून किटली किंवा गिझर चालवणं म्हणजे भिंतीतल्या वायरीला तापवायला लावणं. काळा पडलेला सॉकेट दिसला की मी आधी हेच विचारतो.

हीटर, इस्त्री, गिझर अशा तापणाऱ्या वस्तूंना हा भागाकार अचूक लागू पडतो. पंखा, मोटर, एलईडी यांचा करंट यापेक्षा जास्त निघतो. कारण प्रश्न १२ मध्ये आहे.

५. वॅट आणि बिलावरचं युनिट यांचा संबंध काय? इन्स्टंट गिझर जास्त वॅटचा, म्हणजे बिल जास्त का?

एक युनिट म्हणजे हजार वॅट एक तास. वॅट हा वेग आहे, युनिट म्हणजे कापलेलं अंतर. २००० वॅटचा गिझर २० मिनिटं चालला तर २ किलोवॅट × एक तृतीयांश तास, म्हणजे ०.६७ युनिट.

आता दुसरा भाग. पंधरा लिटरची एक बादली २५ अंशांवरून ५५ अंशांवर न्यायला सुमारे ०.५२ युनिट लागतं. पाणी हीटरची पाटी वाचत नाही. २००० वॅटच्या गिझरला त्यासाठी १६ मिनिटं लागतील, ३००० वॅटच्याला साडेदहा. युनिट तेवढंच. उलट साठवणीचा गिझर दिवसभर चालू ठेवला तर टाकीतून उष्णता गळत राहते आणि बिल तिथे फुगतं.

६. आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज १८० वर येतो. २००० वॅटचा गिझर तेव्हाही २००० वॅटच घेतो का?

नाही. गिझरच्या कॉइलचा रोध जवळजवळ ठाम असतो : २३० चा वर्ग भागिले २००० म्हणजे २६.४५ ओहम. १८० व्होल्टवर पॉवर होते १८० चा वर्ग भागिले २६.४५, म्हणजे सुमारे १२२५ वॅट. व्होल्टेज २२ टक्के पडला, पण पॉवर ३९ टक्के पडली, कारण हिशेबात वर्ग आहे. तीच बादली तापायला १६ ऐवजी २६ मिनिटं लागतील.

पाण्याच्या मोटरचं मात्र उलट होतं. तिला पाणी तेवढंच उचलायचं असतं, म्हणून व्होल्टेज कमी झाला की ती करंट जास्त ओढते. करंट २० टक्के वाढला तर वाइंडिंगमधली, म्हणजे आतल्या तारेच्या गुंडाळीतली, उष्णता ४४ टक्के वाढते. ‘व्होल्टेज कमी होता, तरी मोटर जळाली कशी?’ असं लोक विचारतात. त्यातल्या ‘तरी’च्या जागी ‘म्हणून’ घाला.

७. भावाने अमेरिकेहून हेअर ड्रायर आणला. लावू का?

आधी पाटी वाचा. तिथे घरात १२० व्होल्ट असतो. ड्रायर १२० व्होल्ट, १५०० वॅटचा असेल तर त्याचा रोध ९.६ ओहम. आपल्या २३० व्होल्टवर त्याच रोधातून २४ अँपिअर जातील आणि पॉवर होईल साडेपाच हजार वॅट. एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारं बोर्डावरचं बटण) पडेल किंवा ड्रायर जळेल, कोण आधी जातं एवढाच प्रश्न. पाटीवर ‘१००–२४० व्होल्ट’ असेल तर काळजी नाही. मोबाइल आणि लॅपटॉपचे चार्जर बहुतेक तसेच असतात.

उलट दिशेने, इथली हजार वॅटची इस्त्री तिकडे नेली तर ती २७२ वॅटवर कोमट होऊन बसेल. इथून मिक्सर घेऊन जाणाऱ्यांनी ११० व्होल्टचं मॉडेल मागावं. ती खास परदेशी जाणाऱ्यांसाठी विकायला असतात.

८. साठ वॅटच्या पिवळ्या बल्बचा रोध हिशेबाने ८८२ ओहम येतो, मल्टिमीटर ६५ दाखवतो. मीटर बिघडला का?

मीटरही बरोबर आणि हिशेबही बरोबर. मीटरने थंड बल्ब मोजला, हिशेब पेटलेल्या बल्बचा आहे. आतली टंगस्टनची तार पेटल्यावर अडीच हजार अंश सेल्सिअसच्या आसपास जाते आणि तिचा रोध बारा-चौदा पट वाढतो. ‘एकाच वेळचे’ ही प्रश्न १ मधली अट इथे मोडली.

याचाच दुसरा परिणाम म्हणजे बटण दाबल्याच्या क्षणी थंड तारेतून २३० भागिले ६५, म्हणजे साडेतीन अँपिअरपर्यंत करंट जाऊ शकतो. नंतर तो पाव अँपिअरवर येतो. जुने बल्ब बटण दाबतानाच ‘टप्’ करून का जायचे, ते यात आहे.

९. मग मल्टिमीटरने गिझरची कॉइल तपासता येते की नाही?

येते, आणि छान येते. कॉइल बहुधा नायक्रोमची असते. तापल्यावर तिचा रोध थोडेच टक्के बदलतो. एमसीबी पाडा, कॉइलच्या दोन्ही वायरी सोडवा, मग मोजा. १००० वॅटच्या कॉइलला ५३ ओहमच्या आसपास, २००० ला २६, ३००० ला साडेसतरा. मीटरने काहीच दाखवलं नाही तर कॉइल तुटली. कॉइलचं टोक आणि बाहेरचा धातू यांच्यातही मोजा. तिथे मीटर थोडे ओहम दाखवत असेल तर गिझर बॉडीला करंट देतोय. तो वापरू नका.

चालू लाइनवर मीटर ओहमवर ठेवून कधीही लावू नका. मीटर स्वतःच्या छोट्या बॅटरीने रोध मोजतो. त्याला २३० व्होल्ट दिले की निदान फ्यूज तरी जातो.

१०. कॉइलच्या शेगडीची तार तुटली. पीळ देऊन जोडली तर आठवड्यात पुन्हा तुटली. असं का?

जोडताना जळका तुकडा काढला ना? १००० वॅटची कॉइल दहा टक्के आखूड झाली की रोध ५२.९ वरून ४७.६ वर येतो आणि पॉवर ११११ वॅट होते. वीस टक्के कमी झाली तर १२५० वॅट. तार छोटी आणि उष्णता जास्त, म्हणून ती आधीपेक्षा लाल होते आणि लवकर तुटते. पुढच्या वेळी आणखी आखूड होते. गावाकडे मी अशी एक शेगडी पाहिली आहे, कॉइलला चार गाठी होत्या. घरातले कौतुकाने सांगत होते, ‘आता लवकर तापते.’

शिवाय गाठ स्वतःच रोध असते. ती ढिली राहून तिचा रोध एक ओहम झाला तरी ४.३ अँपिअरवर त्या टिचभर जागेत १८ वॅट उष्णता तयार होते. नवी कॉइल स्वस्त मिळते.

११. साठ आणि शंभर वॅटचे बल्ब एकसरीत (एकामागे एक) जोडले तर जास्त उजेड कोणाचा?

साठचा. वर्गात हात वर करायला सांगितलं की निम्मे हात शंभरसाठी वर जातात.

शंभर वॅटच्या बल्बचा रोध ५२९ ओहम, साठचा ८८२. एकसरीत दोघांतून करंट एकच जातो, म्हणून ‘करंटचा वर्ग × रोध’ हे सूत्र घ्यायचं, आणि ज्याचा रोध जास्त तो जास्त वॅट खातो. हे रोध धरले तर करंट ०.१६३ अँपिअर येतो. साठच्या वाट्याला सुमारे २३ वॅट आणि शंभरच्या वाट्याला १४. घरात बल्ब समांतर असतात आणि दोघांना २३० व्होल्ट सारखाच मिळतो. तिथे ‘व्होल्टेजचा वर्ग ÷ रोध’ घ्यायचं, आणि कमी रोधाचा शंभर वॅटचा बल्ब जिंकतो. ‘पॉवर रोधाच्या सम प्रमाणात की व्यस्त प्रमाणात’ या परीक्षेतल्या प्रश्नाचं उत्तरही हेच : दोन वस्तूंत समान काय आहे ते आधी पाहा.

बारीक खोट : एकसरीत बल्ब अर्धवट पेटतात, तार कमी तापते, म्हणून खरे रोध वरच्यापेक्षा कमी असतात (प्रश्न ८). आकडे हलतात, पण जिंकणारा साठच.

१२. मोटरचं वाइंडिंग मीटरवर ४ ओहम दाखवतं. २३० भागिले ४ म्हणजे ५७ अँपिअर व्हायला हवेत. ती तर सहा-सातच घेते!

कारण घरात येणारी वीज उलटसुलट वाहते, सेकंदाला ५० फेऱ्या. वाइंडिंग ही लोखंडाभोवतीची गुंडाळी. ती बदलत्या करंटला आणखी एक अडथळा करते. शिवाय फिरणारी मोटर आतून उलटा दाब, म्हणजे उलट दिशेचा व्होल्टेज, तयार करते. मीटर बॅटरीचा सरळ करंट सोडतो, त्याला यातलं काहीच दिसत नाही, फक्त तांब्याचा रोध दिसतो. सुरू होण्याच्या क्षणी मोटर फिरत नसते, उलटा दाब नसतो, म्हणून तेव्हा ती पाच-सहा पट करंट ओढते.

तेव्हा मोटरचा व्होल्टेज भागिले करंट केला की जे येतं त्याला इम्पिडन्स म्हणतात, रोध नव्हे. आणि गुणाकार केला की येतात ते व्होल्ट-अँपिअर, वॅट नव्हेत. वॅट काढायला त्याला पॉवर फॅक्टरने गुणायचं, म्हणजे व्होल्ट-अँपिअरमधला किती भाग खरे वॅट आहे ते सांगणाऱ्या आकड्याने. २३० व्होल्ट आणि ७ अँपिअर म्हणजे १६१० व्होल्ट-अँपिअर. पॉवर फॅक्टर ०.८ असेल तर वॅट १२८८. घरचं बिल वॅटवर येतं, पण वायर तापते ती पूर्ण ७ अँपिअरने. म्हणून युनिट काढताना वॅट धरा, वायर निवडताना अँपिअर. इन्व्हर्टरवर ‘व्हीए’ का लिहितात, तेही यामुळेच.

१३. पाच एचपीची थ्री फेज मोटर किती करंट घ्यायला हवी?

एक एचपी म्हणजे ७४६ वॅट, पाच म्हणजे ३७३०. पण हे शाफ्टवर मिळणारं काम. मोटरची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर लाइनमधून ४६६० वॅट घ्यावे लागतात. थ्री फेजमध्ये करंट = वॅट ÷ (१.७३२ × व्होल्टेज × पॉवर फॅक्टर). ४१५ व्होल्ट आणि ०.८५ धरून उत्तर ७.६ अँपिअर, प्रत्येक फेजमध्ये.

वायरमन लोक सूत्र न मांडता ‘एचपीला दीड अँपिअर’ म्हणतात. पाच गुणिले दीड, साडेसात. हा अडाखा फक्त थ्री फेजचा, सिंगल फेजला लावू नका. तिन्ही वायरींवर एकेक करून क्लॅम्प मीटर (वायरीभोवती जबडा लावून करंट मोजणारा मीटर) लावून पाहा. दोन फेज वाढलेले आणि एक शून्य दिसला तर एक फेज गेलाय. लगेच बंद करा.

१४. विहीर मीटरपासून १०० मीटरवर. मोटर नुसती घुमते, उचलत नाही. घराजवळ लावली तर चालते.

वायरीलाही रोध असतो. अडीच स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरीचा रोध किलोमीटरला सुमारे ७.४ ओहम. जाऊन-येऊन २०० मीटर, हे ‘येऊन’ लोक विसरतात. म्हणजे १.४८ ओहम.

एक एचपीची सिंगल फेज मोटर चालताना ७ अँपिअर घेते असं धरा. वायरीत ७ × १.४८, म्हणजे १० व्होल्ट पडतात. तेवढं चालून जातं. वाया जाते ती पॉवर ७ चा वर्ग × १.४८, म्हणजे ७३ वॅट. पण सुरू होताना ती ४० अँपिअर मागते. तेव्हा वायरीतच ५९ व्होल्ट जातात, मोटरला १७१ उरतात. लाइनला आधीच २०० असेल तर उरतात जेमतेम १४०. तेवढ्यात ती फिरत नाही, घुमते. फिरत नाही म्हणून करंट उतरत नाही, आणि उतरत नाही म्हणून वाइंडिंग जळतं.

सहा स्क्वेअर एमएमची वायर टाकली तर रोध ०.६२ ओहमवर येतो आणि सुरुवातीचा तोटा २५ व्होल्टच्या आसपास. ॲल्युमिनियमची वायर घेत असाल तर तांब्याच्या दीडपटीहून जास्त रोध धरा. आणि कपॅसिटर एकदा तपासून घ्या. घुमण्यामागे तोही असतो, पण घराजवळ चालते म्हटल्यावर माझा संशय वायरीवरच जातो.

१५. एलईडीचा रोध किती धरायचा?

धरायचाच नाही. एलईडी ओहमचा नियम पाळत नाही. पांढऱ्या एलईडीच्या टोकांत साधारण ३ व्होल्ट राहतात. व्होल्टेज त्याच्यावर थोडा जरी वाढवला तरी करंट उसळतो. म्हणून एकसरीत रेझिस्टर लावतात आणि हिशेब त्या रेझिस्टरचा करतात.

बॅटरी १२ व्होल्टची, एलईडीला ३, रेझिस्टरला उरले ९. करंट २० मिलिअँपिअर हवा. ९ भागिले ०.०२, म्हणजे ४५० ओहम. दुकानात ४७० मिळतो, तो घ्या. त्याची पॉवर ९ × ०.०२ = ०.१८ वॅट. पाव वॅटचा चालेल, अर्ध्या वॅटचा निर्धास्त चालेल. १२ भागिले ०.०२ करून ६०० काढणाऱ्यांनी प्रश्न १ मधली अट पुन्हा वाचावी : १२ व्होल्ट रेझिस्टरच्या टोकांत नाहीतच.

१६. इन्व्हर्टरची १५० अँपिअर-अवरची बॅटरी ३०० वॅटवर किती तास चालेल?

कागदावर १२ व्होल्ट × १५० अँपिअर-अवर म्हणजे १८०० वॅट-तास, भागिले ३००, सहा तास. प्रत्यक्षात चार मिळाले तरी समाधान माना. इन्व्हर्टर स्वतः काही खातो, बॅटरी पूर्ण रिकामी करायची नसते, आणि १५० हा आकडा सावकाश, दहा-वीस तासांत वापरली तर मिळणारा. जोरात ओढलं की कमी मिळतो.

३०० वॅट म्हणजे २३० च्या बाजूला दीड अँपिअरहूनही कमी, पण १२ व्होल्टच्या बाजूला तोट्यासकट तीसच्या आसपास. म्हणून बॅटरीच्या वायरी जाड असतात. टर्मिनलवर पांढरं-हिरवं बुरशीसारखं साचून तिथला रोध ०.०२ ओहम झाला, तरी ३० अँपिअरवर तिथे १८ वॅट उष्णता होते. टर्मिनल गरम लागतं ते त्यामुळे.

१७. पॉवर बँकेवर १०,००० मिलिअँपिअर-अवर लिहिलंय, माझा ५,००० चा मोबाइल दोनदा भरत नाही.

तो आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा आहे. ऊर्जा ३७ वॅट-तास. बाहेर ५ व्होल्टवर तेच ७,४०० होतात, तेही तोटा न धरता. व्होल्टेज सांगितल्याशिवाय अँपिअर-अवरची तुलना करू नये.

१८. क्लॅम्प मीटर एक्स्टेन्शन बोर्डाच्या वायरीवर लावला, शून्य दाखवतो. इस्त्री तर चालू आहे.

तुम्ही पूर्ण केबल पकडली. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून परत येतो, दोघांचं चुंबकत्व एकमेकांना खोडतं. एकच वायर पकडा. करंट फार लहान असेल तर तीच वायर जबड्यातून दहा वेळा गुंडाळा आणि वाचनाला दहाने भागा.

१९. कुठलंही मीटर नसताना एखाद्या वस्तूचे वॅट काढता येतील का?

येतात, घराच्या वीजमीटरवरून. त्यावर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी ‘एका युनिटला ३२००’ किंवा ‘१६००’ अशा अर्थाचा आकडा असतो. फ्रिज, इन्व्हर्टर सगळं बंद करा, तपासायची वस्तू एकटी चालू ठेवा, मिनिटभर लुकलुक मोजा.

३२०० च्या मीटरवर मिनिटाला १६ वेळा लुकलुकला तर १६ भागिले ३२००, म्हणजे मिनिटाला ०.००५ युनिट. तासाला ०.३ युनिट, म्हणजे ३०० वॅट. यात पॉवर फॅक्टरची भानगडही उरत नाही, मीटर खरे वॅटच मोजतो. जुना छताचा पंखा आणि नवा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा यांतला फरक पोरांना दाखवायला यासारखी युक्ती नाही. जुना सुमारे ७५ वॅट, नवा साधारण ३० च्या आसपास.

२०. माणूस करंटने मरतो की व्होल्टेजने?

इजा शरीरातून गेलेला करंट करतो, आणि तो किती जाईल ते व्होल्टेज आणि शरीराचा रोध ठरवतात. कोरड्या हाताचा रोध बराच जास्त असतो. ओल्या अंगाने तो हजार ओहमच्या आसपास धरतात. २३० भागिले १००० म्हणजे ०.२३ अँपिअर, आणि एवढा करंट सहज जीव घेतो. घरातला आरसीसीबी, ज्याला बरेच जण अजून ईएलसीबी म्हणतात, ३० मिलिअँपिअर गळती झाली की लाइन तोडतो. एमसीबी हे काम करत नाही. त्याला १६ अँपिअर लागतात, तोवर माणूस गेलेला असतो.

गाडीची बॅटरी शेकडो अँपिअर देऊ शकते, पण १२ व्होल्ट असल्याने अंगातून काही मिलिअँपिअरच जातात. तिच्या दोन टोकांवर पाना पडला तर मात्र तो लाल होतो, कारण पान्याला रोधच नसल्यासारखा. बॅटरीवर काम करताना बोटातली अंगठी काढून ठेवा.

२१. एक सूत्र म्हणतं व्होल्टेज वाढवला की तारांतला तोटा वाढतो, दुसरं म्हणतं कमी होतो. खरं काय?

हा माझा आवडता प्रश्न. ‘व्होल्टेजचा वर्ग ÷ रोध’ पाहिलं तर उच्च दाबाच्या लाइनमध्ये प्रचंड तोटा दिसतो. ‘करंटचा वर्ग × रोध’ पाहिलं तर नगण्य. दोन्ही सूत्रं खरी आहेत, पण पहिल्यात व्होल्टेज चुकीचा घातला जातो.

खरी लाइन घ्या. चंद्रपूरहून मुंबईजवळच्या पडघ्यापर्यंत सुमारे ७५० किलोमीटरची डीसी, म्हणजे सरळ करंटची, लाइन १९९९ पासून आहे. क्षमता १५०० मेगावॅट, एका तारेवर अधिक ५०० आणि दुसरीवर उणे ५०० किलोव्होल्ट. दोघींतला दाब दहा लाख व्होल्ट. १५०० मेगावॅटला त्याने भागा, करंट १५०० अँपिअर. हिशेबापुरता तारांचा एकूण रोध १० ओहम धरू. तोटा १५०० चा वर्ग × १०, म्हणजे २२.५ मेगावॅट, दीड टक्का.

आता व्होल्टेजचं सूत्र. तारांच्या स्वतःच्या दोन टोकांतला दाब दहा लाख नाही, १५०० × १० म्हणजे पंधरा हजार व्होल्ट आहे. त्याचा वर्ग भागिले १० करा, पुन्हा २२.५ मेगावॅट. दहा लाख व्होल्ट आहेत ते दोन तारांच्या मध्ये, तारेच्या लांबीवर नव्हेत. हीच वीज एक लाख व्होल्टवर पाठवायची म्हटलं तर करंट १५,००० अँपिअर आणि तोटा २२५० मेगावॅट निघतो. पाठवलेल्यापेक्षा जास्त! म्हणजे ते शक्यच नाही.

मुंबईच्या लोकलमध्येही हेच झालं. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली ती १५०० व्होल्ट डीसीवर. समजा गाडीला ३००० किलोवॅट लागतात, तर तिला २००० अँपिअर ओढावे लागतात. २५,००० व्होल्टवर पॉवर फॅक्टर बाजूला ठेवला तर तेच काम १२० अँपिअरमध्ये होतं. उपनगरी मार्ग टप्प्याटप्प्याने या २५,००० व्होल्टवर नेत २०१६ मध्ये हार्बरवरचा डीसीही संपला.

२२. गाडीची बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते, सेल्फ मारला की खाली येते. यावरून काही काढता येतं का?

बॅटरीचा अंतर्गत रोध. इथे सरळ भागाकार चालत नाही, फरकांचा करावा लागतो. सेल्फ मारताना करंट १५० अँपिअर आणि व्होल्टेज १२.६ वरून १०.२ वर आला, तर २.४ भागिले १५० म्हणजे ०.०१६ ओहम. बॅटरी म्हातारी होते तसा हा रोध वाढतो. नुसती ठेवलेली असताना ती १२.६ च दाखवते, म्हणून दुकानदार लोड टाकून तपासतो. नुसता मीटर लावून ‘बॅटरी चांगली आहे’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

२३. बटण बंद असताना त्याच्या दोन टोकांत २३० व्होल्ट, करंट शून्य. मग रोध अनंत?

व्यवहारात हो. बंद बटणाच्या दोन पत्र्यांमध्ये हवा आहे. तिचा रोध इतका मोठा की साधा मल्टिमीटर हात टेकतो आणि पडद्यावर ‘ओएल’ किंवा डाव्या कोपऱ्यात नुसता १ दाखवतो. तो १ म्हणजे एक ओहम नव्हे, हे पहिल्या दिवशी सांगूनही वर्षाअखेरीस कोणीतरी ‘सर, एक ओहम आला’ म्हणतोच. चालू बटणाचं याच्या उलट : करंट भरपूर, टोकांत जवळजवळ शून्य व्होल्ट. तिथे एक-दोन व्होल्ट दिसले, तर बटण आतून जळत आलंय. बदला.